ठमीचा ताप आणि कर्नाळ्याची खिंड

सांगलीहून पनवेलला जायचं तर लोक रात्री जेवून बसमध्ये बसतात आणि पहाटे डोळे चोळत उतरतात. मधलं त्यांना काही आठवत नाही. मला मात्र त्या रस्त्यावरचं प्रत्येक सावलीचं झाड, प्रत्येक पाण्याचा नळ आणि गाडी कडेला घेता येईल अशी प्रत्येक जागा आता तोंडपाठ आहे, कारण आम्ही ठमीतून गेलो.

ठमी ही आप्पांची, म्हणजे माझ्या वडिलांची गाडी. गोल दिवे, बारीक स्टिअरिंग, आणि दार लावताना शेजारच्या घरी कळेल एवढा आवाज. कंपनीचं नाव लिहीत नाही. त्या गाडीचे भक्त अजून गावोगाव आहेत आणि त्यांना वाटायचं मी देवाला नावं ठेवते. दोष गाडीचा नव्हता, एवढं आधीच सांगून टाकते.

आप्पा शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाले त्यालाही जमाना लोटला. आता त्यांनी ऐंशी ओलांडलीय. गेलं वर्षभर ते आणि मारुती मिस्त्री मिळून ठमीचं इंजिन उघडून नव्यानं बांधत होते. नवे पिस्टन, नव्या रिंगा, नवं बेअरिंग. आमच्या घरात दिवाळीचा फराळ कमी झाला पण इंजिनाला काही कमी पडलं नाही. हे सगळं कशासाठी, तर माझ्या धाकट्या बहिणीची, सुमाची मुलगी मुक्ता हिचं पनवेलकडे लग्न ठरलं होतं आणि आप्पांना नातीला ठमीतून मांडवात न्यायचं होतं.

सुमा पनवेलजवळ कामोठ्याला राहते आणि स्पष्ट बोलते. तिनं फोनवर अट घातली. "न्या. पण मांडवाच्या वाटेवर गाडी एकदा जरी उकळली, तरी किल्ली माझ्याकडे द्यायची. ठमी विकायची आणि या वयात हायवेवर गाडी चालवणं बंद." मला वाटलं आप्पा भडकतील. ते शांतपणे "ठरलं" म्हणाले आणि फोन ठेवून मारुती मिस्त्रीकडे गेले.

खेड-शिवापूर

निघताना डिकीत हळदीचं पोतं होतं. मुलाकडचे आगरी, कर्नाळ्याच्या पलीकडच्या गावातले. त्यांच्यात हळद म्हणजे लग्नाहून मोठा सोहळा. अख्खं गाव रंगतं, जेवतं, नाचतं. आमच्याकडे हळद म्हणजे चार सवाष्णी, एक वाटी आणि "साडीला लागू देऊ नका" ही सूचना. बोलणी करताना मुलाचे काका, बाळाराम पाटील, हळद कुठून आणायची ते विचारत होते, तेव्हा आप्पा ताठ झाले. सांगलीची सोयरीक असताना हळद बाजारातून आणायची म्हणजे आमची अब्रूच गेली. "हळद आमची," ते म्हणाले. पोतं त्यांनी स्वतः निवडलं आणि तोंड स्वतः बांधलं.

गाडी बाहेर काढल्यावर अंगणात पुढच्या बाजूला ओल दिसली, बशीएवढी.

"आप्पा, काहीतरी गळतंय," मी म्हणाले.

"एसीचं पाणी असतं ते," आप्पा म्हणाले.

ठमीला एसी नाही. पण निघताना वाद नको म्हणून मी गप्प बसले. माझे यजमान, श्रीकांत, तेही गप्प बसले. ते सासऱ्यांसमोर नेहमीच गप्प असतात, त्यामुळे मला त्यात वेगळं काही वाटलं नाही.

कराडला आप्पांनी आम्हाला चहाला पाठवलं आणि "मी जरा तिचं पाणी बघतो" म्हणून स्वतः मागे थांबले. साताऱ्याला श्रीकांत म्हणाले, "वासंती, आप्पांना घेऊन जा आणि कंदी पेढे घे, मी गाडीजवळ थांबतो." मला दोघांचंही कौतुक वाटलं. आमच्या घरातले पुरुष इतके जबाबदार कधीपासून झाले, असाही विचार मनात आला.

पुण्याच्या अलीकडे कात्रजचा चढ लागायच्या आधी तापमानाचा काटा सरकायला लागला. आप्पांनी त्याच्याकडे पाहणं बंद केलं, त्यावरूनच मला कळलं की काटा सरकतोय. मग बॉनेटच्या फटीतून वाफ आली. आप्पांनी खेड-शिवापूरच्या एका हॉटेलसमोर गाडी कडेला घेतली.

आपल्याकडे रस्त्यात बॉनेट उघडलं की पाहुणे जमतात. कुणालाही बोलवावं लागत नाही. एक ट्रकवाला म्हणाला पॅकिंग गेलंय. दुधाच्या टेम्पोवाल्यानं टायमिंग पुढं आहे असं सांगितलं. हॉटेलचा मालक गल्ल्यावरून उठून आला आणि पंखा उलटा बसवलाय म्हणाला. एका गृहस्थांनी नुसतंच आत बघून "अवघड आहे" म्हटलं आणि ते पिठलं खायला गेले. आप्पांनी सगळ्यांना एकच उत्तर दिलं. "नवीन बांधलेलं इंजिन आहे. आवळून बसवलंय. थोडं तापायचंच."

यातलं काही माझ्या डोक्यात शिरलं नाही, पण एक गोष्ट नाकात शिरली. वाफेला हळदीच्या दुधाचा वास होता.

"आप्पा, हा वास कसला?"

"पोत्याचा. डिकीतून येतोय."

श्रीकांत लगेच म्हणाले, "हो, पोत्याचाच." त्यांची बोटं पिवळी होती. पिठल्याची असतील असं मी धरून चालले. खरं तर पिठलं अजून यायचं होतं.

गाडी निवेपर्यंत आम्ही पिठलं, बाजरीची भाकरी आणि खर्डा खाल्ला. निघताना आप्पांनी आम्हा दोघांना दम दिला. "सुमाला यातलं काही सांगायचं नाही. अट मांडवाच्या वाटेची आहे. ही मांडवाची वाट नाही." पुढं जुन्या रस्त्यानं खंडाळ्याचा घाट उतरताना ठमी अगदी शहाण्यासारखी वागली. उतारावर इंजिनाला कष्ट नसतात, हे मला नंतर कळलं.

कामोठे

घाट उतरला की हवा बदलते. सांगलीत घाम आला तर वाळतो, इथं तो अंगावर मुक्कामाला येतो. आमच्या भडंगाची पिशवी सुमानं उघडली आणि गप्पा संपेपर्यंत ते मऊ पडलं. सांगलीत अनोळखी माणसाला "कुणाच्यातले तुम्ही?" असं विचारतात. कामोठ्यात विचारतात "सेक्टर कुठला?" आम्ही सेक्टर विसरलो होतो, त्यामुळे क्लासच्या पाट्या वाचत बराच वेळ फिरलो. एकसारख्या इमारती, खाली डेअरी, वर गणिताचे क्लास. शेवटी मुक्ता स्कूटीवरून आली आणि तिनं आम्हाला वाट दाखवत घरी नेलं. आप्पांनी नातीच्या स्कूटीमागं हॉर्न वाजवत ठमी चालवली. लोक गॅलरीत आले.

सोसायटीच्या वॉचमननं ठमीला पाहुण्यांच्या जागेत लावायला सांगितलं आणि स्वतःचा मोबाईल काढून तिच्यासोबत फोटो काढून घेतला. सुमानं गाडीखाली वाकून पाहिलं. लहानपणापासून तिची नजर अशीच.

"आप्पा, हे ओलं कसलं?"

"एसीचं पाणी," मी म्हणाले. का म्हणाले, मलाही कळलं नाही. सुमा माझ्याकडे बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी सुमा ऑफिसला गेल्यावर आप्पांनी तपास सुरू केला. इंजिनात थर्मोस्टॅट नावाची एक छोटी झडप असते. इंजिन थंड असेपर्यंत ती पाणी अडवून धरते आणि पाणी तापलं की उघडून ते रेडिएटरकडे सोडते. ती उघडलीच नाही तर पाणी आतल्या आत उकळतं. आप्पांचा पहिला संशय हिच्यावर. त्यांनी ती काढून आणली आणि मला म्हणाले, "वासंती, एक पातेलं दे. चांगलं दे."

मी सुमाचं दूध तापवायचं पातेलं दिलं. आम्ही तिघं गॅसभोवती उभे राहिलो. दोऱ्याला बांधलेली झडप पाण्यात लोंबत होती आणि आप्पा लहान बाळाच्या बारशाला आल्यासारखे कौतुकानं आत बघत होते. पाणी गरम व्हायला लागल्यावर झडप हळूच उघडली. म्हणजे ती निर्दोष होती. आप्पांना आनंद व्हावा की दुःख, हे ठरेना.

तेवढ्यात सुमा परत आली. डबा विसरली होती. तिनं पातेल्यात पाहिलं. पाणी पिवळं झालं होतं आणि पातेल्यालाही कडेनं पिवळा पट्टा आला होता.

"माझ्या दुधाच्या पातेल्यात गाडी उकळताय तुम्ही?"

"गाडी नाही, फक्त झडप," आप्पा म्हणाले.

"आणि पाणी पिवळं का?"

"पितळ आहे. रंग सोडतं."

पितळ रंग सोडत नाही. मी इतकी वर्षं पितळेचा डबा वापरतेय. पण आप्पा चित्रकलेचे शिक्षक, रंगाच्या बाबतीत त्यांच्याशी कोण वाद घालणार? सुमानं डबा उचलला आणि दारातून सांगितलं, "मी एक पांढरी एसी गाडी बुक करून ठेवतेय. असू दे हाताशी."  आप्पांनी झडप पुसून पुसून लख्ख केली. मला त्या वेळी त्यांची दया आली. सुमाचंही चूक नव्हतं. तिला रात्री-अपरात्री हायवेवरून येणाऱ्या फोनची भीती वाटते, आणि ती भीती ती रागात गुंडाळून देते.

पनवेल

पनवेलच्या गावभागात रशीदभाईंचं गॅरेज आहे. मुक्ताच्या मित्रानं पत्ता दिला. गॅरेज म्हणजे एक शेड, दोन बाकडी आणि चहा सांगायला एक कायमचा आवाज. रशीदभाईंनी ठमीला बघून टोपी सरळ केली.

"माशाल्ला. ही चीज अजून चालते?"

"पळते," आप्पा म्हणाले.

"पळते तर माझ्याकडे का आणली?"

दोघांची दोस्ती तिथंच जमली. रशीदभाई बोलत बोलत काम करतात आणि प्रत्येक कामाबरोबर एका जुन्या गिऱ्हाइकाची गोष्ट सांगतात. त्यांनी आधी रेडिएटरचं झाकण काढून इंजिन चालू ठेवलं आणि आत बघत राहिले. हेडचं पॅकिंग फुटलं असेल तर पाण्यात बुडबुडे येतात म्हणे. बुडबुडे आले नाहीत. पट्टा ताणून पाहिला, पंखा सुलटा होता. टायमिंग थोडं पुढं होतं ते त्यांनी मागं घेतलं आणि "हीच बिमारी" असं जाहीर केलं. मग लगेच विचार बदलला.

"बघा आप्पासाब, साधा हिसाब आहे. उभी असताना तापली तर पंख्याची गलती. चढावर तापली तर पाणी फिरत नाही. तुमची कधी तापते?"

"चढावर," मी म्हणाले.

"मग रेडिएटर खाली उतरवूया. पाणी पण पिवळं आहे. गंज असेल."

"गंजच," आप्पा म्हणाले. "जुना ब्लॉक आहे. पण रेडिएटर उतरवायचा नाही. त्याचं काम आत्ताच करून घेतलंय."

"खोलून बघायला काय जातं?"

"नको नको," श्रीकांत मध्येच म्हणाले. "आप्पा म्हणतायत तर नको."

रशीदभाईंनी दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं. वैद्यापुढे आजार सांगताना लपवणारे पेशंट त्यांनी बरेच बघितले असावेत. "आपकी मर्जी," म्हणून त्यांनी चहा सांगितला. मला तेव्हाच कळायला हवं होतं. ज्या आप्पांनी वर्षभर ठमीचा खिळा न् खिळा उघडला, ते एकटा रेडिएटर उघडू देत नाहीत म्हणजे काहीतरी आहे. पण मी समोरच्या गाड्यावरच्या ताज्या बोंबलांकडे बघत होते. सांगलीत आम्हाला बोंबील भेटतो तो सुकूनच.

कर्नाळा

हळदीच्या आदल्या दिवशी पोतं मुलाच्या घरी पोचवायचं होतं. वाट तीच, मांडवाची. पनवेलहून गोव्याच्या रस्त्याला लागायचं, कर्नाळ्याच्या अभयारण्याच्या कडेनं खिंड चढायची आणि पलीकडे उतरायचं. आप्पा म्हणाले, "रंगीत तालीम करून टाकू." सुमा पुढं बसली, मांडीवर पर्स, नजर काट्यावर.

कर्नाळ्याचं जंगल हायवेच्या इतकं जवळ आहे की एका कानात ट्रक आणि दुसऱ्यात पाखरं. वर किल्ल्याचा अंगठ्यासारखा सुळका दिसतो. हे मी नीट पाहिलं, कारण आम्ही तिथं बराच वेळ उभे होतो. चढ निम्मा झाला आणि काटा लाल रेघेला टेकला. वाफ आली. पुन्हा तोच हळदीच्या दुधाचा वास.

सुमानं हात पुढं केला. आप्पांनी तिच्याकडे पाहिलं नाही, पण किल्ली काढून तिच्या हातावर ठेवली.

"आज लग्न नाही," ते एवढंच म्हणाले.

"नाही ना. म्हणून अजून विकत नाहीये," सुमा म्हणाली. "लग्नाला मुक्ता पांढऱ्या गाडीतून जाईल. ठमीचं नंतर बघू."

आप्पा खाली उतरले आणि रस्त्याकडेच्या दगडावर बसले. माणूस म्हातारा आहे हे आपल्याला माहीत असतं, पण ते दिसतं अशा वेळी. वर्षभर कपड्यांना ग्रीस लावून घेताना ते पन्नाशीतले वाटायचे. त्या दगडावर ते ऐंशीच्या पलीकडचे दिसले आणि मला रडू आलं. श्रीकांत माझ्याहून वाईट चेहरा करून उभे होते. तो चेहरा नुसत्या दुःखाचा नव्हता, पण मला तेव्हा ओळखता आला नाही.

सुमानं बाळाराम काकांना फोन केला. ते स्वतः पिकअप घेऊन आले. भरदार माणूस, गळ्यात जाड साखळी, आवाज खिंडीला पुरेल एवढा. त्यांनी आप्पांना दगडावरून उठवलं.

"आप्पा, असं काय बसलाव? गारी हाय, तापनारच. मानूस नाय का तापत? चला, आमच्याकरं चला."

दोर बांधून ठमी खिंडीपलीकडे निघाली. आप्पा स्टिअरिंगवर होते. ओढली जाणारी गाडीसुद्धा त्यांना दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायची नव्हती.

खिंडीपलीकडचं गाव

मुलाच्या अंगणात मांडव घालणं चाललं होतं. बायका ओळीनं तांदूळ निवडत होत्या. मध्ये नाकात मोठी नथ घातलेल्या, नऊवारीतल्या आजीबाई बसल्या होत्या. त्या धवलारीण. आगऱ्यांमध्ये लग्नाचे विधी या बाई गाणी म्हणून पार पाडतात. आमच्याकडे गुरुजी घड्याळ बघत मंत्र म्हणतात. इथं बाईला घाई नसते, सगळे तिच्यासाठी थांबतात. मला ही पद्धत फार आवडली.

बाळाराम काकांनी डिकीतून पोतं उचललं. उचललं आणि थांबले. एका हातानं खालीवर करून पाहिलं.

"आप्पा, हलद आनलीय का परसाद?"

आजीबाईंनी पोत्याचं तोंड सोडलं. निम्मं पोतं रिकामं होतं. तांदूळ निवडणाऱ्या बायकांचे हात सुपातच राहिले. सांगलीची सोयरीक, आणि हळद कमी.

"मारुती मिस्त्रीनं बांधतानाच..." आप्पा म्हणाले आणि थांबले.

"पोतं तुम्हीच बांधलंत," मी म्हणाले.

"होय. पण आधी त्यानं थोडी घेतली. रेडिएटर गळत होता. हळद घातली की ती गळक्या जागेत जाऊन बसते. जुना उपाय आहे. सगळे ड्रायव्हर करतात."

मला हे ठाऊक होतं. सांगलीत नळापासून रेडिएटरपर्यंत काहीही गळायला लागलं की आधी हळद आठवते. घरात हीच वस्तू भरपूर. कापलं, खरचटलं, सर्दी झाली, गाडी गळली, सगळ्यांवर एकच डबा.

"थोडी म्हणजे किती?" सुमानं विचारलं.

"थोडी. मग कराडला पुन्हा थेंब दिसला, तेव्हा मी घातली. तुम्ही चहाला गेला होतात तेव्हा."

मग श्रीकांतनी घसा खाकरला. लग्नाला इतकी वर्षं झाली, माझ्या माहेरच्या माणसांसमोर ते स्वतःहून पहिल्यांदाच बोलत होते.

"आप्पा, साताऱ्याला मीही घातली. आणि काल कामोठ्यालाही. म्हटलं, गळलेलं तुम्हाला दिसू नये. वर्षभर राबलात. जिवाला लागलं असतं तुमच्या."

"काल कामोठ्याला मीही घातली," आप्पा हळूच म्हणाले. "म्हटलं, तुम्हाला दिसू नये."

जावई सासऱ्याची अब्रू राखत होता, सासरा जावयापासून अब्रू लपवत होता, आणि दोघं मिळून मुक्ताच्या लग्नाची हळद ठमीच्या घशात ओतत होते. पिवळी बोटं, पिवळं पातेलं, दुधाचा वास, रशीदभाईंचा गंज, सगळं एकदम माझ्या डोळ्यांसमोर उभं राहिलं. सुमा आधी रागानं लाल झाली. मग तिचा ओठ हलला. मग ती खाली बसून हसायला लागली, आणि तिच्यामागं अख्खं अंगण.

"हलद आमच्या पोराला लागायच्या अगोदर गारीनं लावून घेतली," बाळाराम काका डोळे पुसत म्हणाले. "थांबा. डंपर धुवायचा पंप हाय माझ्याकरं."

रेडिएटर अंगणात उतरवला. काकांनी त्यावर तळहात फिरवून दाखवला. वरचा भाग अजून गरम आणि खालचा निम्मा गारठोण. गरम पाणी खाली पोचतच नव्हतं, आतल्या नळ्या हळदीच्या चिखलानं बुजल्या होत्या. मग त्यांनी पंपाची नळी खालच्या तोंडाला लावली आणि पाणी उलटं सोडलं. वरच्या तोंडातून पिवळा लोट निघाला तो अंगणभर. आप्पांच्या पांढऱ्या शर्टावर, श्रीकांतच्या चष्म्यावर, तांदळाच्या सुपापर्यंत. आजीबाईंनी सूप बाजूला घेतलं आणि बसल्या जागी सूर लावला. ठमीला नवरी करून त्यांनी काहीतरी रचलं. शब्द मला पुरते कळले नाहीत, पण बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या.

पाणी स्वच्छ यायला लागल्यावर खरी जागा दिसली. खालच्या कोपऱ्यात केसाएवढी चीर. तेवढ्यासाठी हे सगळं.

हळद कमी पडली त्याचं काय, असं मी काकांना विचारलं. ते म्हणाले, "आमी दुकानातून मागवली हाय कवाच. सांगलीवाले उशिरा येतील, आमाला ठाव होतं." आप्पांचं तोंड बघण्यासारखं झालं. मग तांदळाची भाकरी आणि जिताड्याचं कालवण आलं आणि सगळ्यांनी मान खाली घालून जेवण केलं. जिताडा हा इकडचा मासा. पाहुण्याला तो वाढला म्हणजे पाहुणा पसंत पडला, असं सुमानं मला सांगितलं.

संध्याकाळी रेडिएटर पिकअपमध्ये टाकला, ठमीला पुन्हा मागं दोर बांधला आणि दोन्ही रशीदभाईंकडे नेलं. त्यांनी चीर झाळून रेडिएटर जागेवर बसवून दिला आणि सगळी हकीकत ऐकल्यावर कपाळाला हात लावला. "आप्पासाब, एवढी हळद आम्ही बिर्याणीच्या देगमध्ये पण टाकत नाही."

पुन्हा कर्नाळा

लग्नाच्या सकाळी सुमानं किल्ली टेबलावर ठेवली. "फक्त आजच्यापुरती," ती म्हणाली. "पांढरी गाडी मागून येईल. मी तीत बसते. चढावर उकळली की मुक्ता माझ्या गाडीत, आणि ठमीचा विषय संपला."

मुक्ता शालू सावरत पुढं बसली, मी आणि श्रीकांत मागं. आप्पांनी कोट घातला होता. कर्नाळ्याच्या पायथ्याशी मुक्तानं हळूच आजोबांच्या गुडघ्यावर हात ठेवला. ठमी दुसऱ्या गिअरमध्ये कण्हत चढायला लागली. परवा उभे राहिलो होतो तो दगड आला. आप्पांनी तिकडं पाहिलं, मी काट्याकडं पाहिलं. काटा मधोमध होता. दगड मागं गेला. काटा तिथंच.

खिंडीच्या माथ्यावर आप्पांनी गाडी कडेला घेतली. मी वाकून बॉनेटच्या फटीकडे पाहिलं. पण वाफ नव्हती, वासही नव्हता. मागची पांढरी गाडी थांबली आणि सुमा दार उघडून जवळजवळ धावतच आली.

"काय झालं?"

"काही नाही," आप्पा म्हणाले. "तुला काटा बघायचा असेल म्हणून थांबलो."

सुमानं खिडकीतून आत वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग मागचं दार उघडून म्हणाली, "सरका." आम्ही सरकलो. भरजरी साडीसकट ती माझ्या शेजारी बसली आणि पांढऱ्या गाडीला पुढं जायची खूण केली. एसी चालू असलेली ती गाडी रिकामी पुढं निघून गेली. आम्ही घामाघूम होऊन पण काटा मधोमध ठेवून मांडवात उतरलो. दारात बाळाराम काकांनी आधी ठमीच्या बॉनेटला हळदीचं बोट लावलं आणि मग नवरीसाठी दार उघडलं.

परत

लग्नाहून आल्यावर आप्पांनी कुणी न मागता किल्ली सुमाच्या टेबलावर ठेवली होती. शब्द म्हणजे शब्द. आजच्यापुरती म्हणजे आजच्यापुरती.

आम्ही सांगलीला निघालो तेव्हा सुमा खाली सोडायला आली. डिकीत तिनं पाण्याचा कॅन ठेवला, सुके बोंबील ठेवले, आणि दुधाचं ते पिवळं पातेलंही ठेवलं. "झडपा उकळायला," म्हणाली. मग आप्पांसमोर उभी राहून तिनं हात पुढं केला.

"किल्ली तुझ्याकडेच आहे की," आप्पा म्हणाले.

"किल्ली नाही मागत. खिशातलं द्या."

आप्पांनी जरा वेळ इमारतीकडे पाहिलं, आकाशाकडे पाहिलं. मग कोटाच्या आतल्या खिशातून कागदाची पुडी काढून तिच्या हातावर ठेवली. सुमानं ती उघडून पाहिली. पिवळीधमक, आमच्या सांगलीची. तिनं पुडी मुठीत मिटली, दुसऱ्या हातानं किल्ली आप्पांच्या तळहातावर ठेवली आणि त्यांची बोटं आपल्या बोटांनी बंद केली.

"पोचलात की फोन करा," ती म्हणाली. 

खंडाळ्याचा घाट आणि कात्रजचा चढ आम्ही न थांबता चढलो. सातारा मागं पडल्यावर मला राहवेना. मी श्रीकांतच्या शर्टाचा खिसा तपासला. खिसा आतून पिवळा होता.

"लग्नातली आहे," ते म्हणाले.

काटा मधोमध होता, म्हणून मी मान्य केलं.